रँग्लर पदवीचे कौतुक आणि गणिताचे अध्ययन

महाराष्ट्रात ज्या थोड्या परकी शब्दांना बिरुदाची प्रतिष्ठा लाभली, त्यांत 'रँग्लर' हा शब्द अग्रभागी ठेवावा लागेल. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे एवढेच म्हटले, तर आज पुष्कळांना क्षणभर आठवावे लागते. 'रँग्लर परांजपे' म्हणताच ओळख पटते. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा विद्यार्थी फर्ग्युसन महाविद्यालयातून केंब्रिजला गेला आणि १८९९ मध्ये तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत आणखी एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिला आला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच सर्वांत कठीण मानल्या गेलेल्या परीक्षेत एका हिंदी तरुणाने मागे टाकले, याचा परतंत्र देशाला अभिमान वाटला नसता तरच नवल. पुढे महाजनी आले, नारळीकर पिता-पुत्र आले, आणि केंब्रिजची ती पदवी मराठी मध्यमवर्गाच्या मनात बुद्धिमत्तेचा अखेरचा दाखला होऊन बसली.

या कौतुकात गैर काही नव्हते. मात्र ज्या परीक्षेचे आपण कौतुक करीत होतो, तिच्याविषयी खुद्द केंब्रिजमध्ये त्याच सुमारास काय बोलले जात होते, याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही.

'रँग्लर' म्हणजे मूळ अर्थाने वाद घालणारा. जुन्या काळी केंब्रिजचा विद्यार्थी एखादे विधान मांडून भर सभेत त्याचे समर्थन करी आणि प्रतिपक्ष त्यावर तुटून पडे. अठराव्या शतकात हा वाद मागे पडला, लेखी परीक्षा आली आणि गुणानुक्रमे नावे लावण्याची प्रथा रूढ झाली. पहिल्या वर्गातले ते रँग्लर, त्यांतला पहिला तो सीनिअर रँग्लर. आणि यादीतल्या शेवटच्या उत्तीर्ण विद्यार्थ्याला त्याचे मित्र भला थोरला लाकडी चमचा बहाल करीत! एकोणिसाव्या शतकात या परीक्षेला घोड्यांच्या शर्यतीचे स्वरूप आले. विद्यार्थ्याला घडविणारे खरे गुरू हे विद्यापीठाचे प्राध्यापक नसून खाजगी शिकवण्या घेणारे निष्णात शिक्षक असत. त्यांच्यातील अग्रणी एडवर्ड राउथ. त्याच्या हाताखालून दोन डझनांहून अधिक सीनिअर रँग्लर बाहेर पडले. कोणता प्रश्न किती मिनिटांत सोडवायचा, कोणती सिद्धता जशीच्या तशी उतरवायची, याची तेथे वर्षानुवर्षे तालीम चाले. आजच्या कोचिंग क्लासच्या मालकांना हा पूर्वज ठाऊक नसावा, इतकेच. हा राउथ स्वतः १८५४ मध्ये पहिला आला होता. त्या वर्षी दुसरा आला तो जेम्स क्लार्क मॅक्सवेल. विद्युत् आणि चुंबकत्व यांना एका सूत्रात गुंफणाऱ्या माणसाहून वरचढ ठरलेल्या राउथचे नाव आज यांत्रिकीचे विद्यार्थी तेवढे घेतात.

या पद्धतीवर सर्वांत कठोर प्रहार केला तो तिच्यातूनच वर आलेल्या जी. एच. हार्डी यांनी. १८९८ च्या यादीत ते चौथे होते. परीक्षेची तयारी करताना गणित म्हणजे काय हे आपल्याला कळलेच नव्हते. जॉर्दां या फ्रेंच गणितज्ञाचा विश्लेषणावरील ग्रंथ हाती पडला तेव्हा ते प्रथम उमगले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. १८९३ मध्ये सातवे आलेले बर्ट्रांड रसेल यांनी तर परीक्षा संपताच गणिताची सारी पुस्तके विकून टाकली होती. १९०९ नंतर गुणानुक्रमाची यादी बंद झाली. हार्डींचे तेवढ्याने समाधान झाले नाही. १९२६ मध्ये गणितशिक्षकांच्या संघटनेच्या अध्यक्षपदावरून बोलताना परीक्षा सुधारू नका, ती नाहीशीच करा, अशी मागणी त्यांनी केली. ज्या हार्डींनी हे म्हटले, त्यांनीच एफ. ए. परीक्षेत नापास झालेल्या रामानुजन यांना १९१४ मध्ये केंब्रिजला बोलावून घेतले होते. गंमत अशी, की रामानुजन यांना गणिताचे वेड लावणारे कारचे सूत्रसंग्रहाचे पुस्तक ट्रायपॉसच्या शिकवण्या घेणाऱ्या शिक्षकानेच रचले होते. त्यात सिद्धता फारशा नव्हत्या, म्हणून रामानुजन यांना त्या स्वतःच शोधाव्या लागल्या. पुस्तकातील उणीव कधी कधी अशी फलदायी ठरते!

केंब्रिजने जी शर्यत मोडीत काढली, तिचा आत्मा आपल्या विद्यापीठांतील गणिताच्या वर्गांत मात्र सुखाने नांदत आहे. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्याची गाठ विश्लेषणाशी आणि अमूर्त बीजगणिताशी पडते. येथवर गणित म्हणजे उत्तर काढणे. येथून पुढे गणित म्हणजे सिद्ध करणे. हा उंबरठा फार उंच आहे, आणि तो ओलांडायला कोणी हात देत नाही. अंत्यबिंदूंसह घेतलेल्या अंतरावर सलग असणारे फलन तेथे मर्यादित राहते, हे प्रमेय विद्यार्थी सिद्धतेसह अचूक लिहितो. परंतु अंत्यबिंदू गाळला तर काय होईल, असे विचारा. शून्य वगळून शून्य ते एक या अंतरावर 'एक भागिले क्ष' हे फलन कोठपर्यंत चढते, हे पाहिले की प्रमेयातील ती अट कशासाठी आहे ते लख्ख दिसते. दोन मिनिटांचे काम. पण ते प्रश्नपत्रिकेत येत नाही, म्हणून वर्गातही येत नाही. एम. एस्‌सी.लाही तेच चालते, फक्त प्रमेये लांब होतात. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला पदवीधर मग नेट-सेटच्या परीक्षेत एखाद्या अनोळखी विधानासमोर उभा राहतो आणि ते खरे की खोटे, हे ठरविण्याची पहिली पायरीही त्याला सापडत नाही. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. पाच वर्षांत चुकण्याची संधीच त्याला कोणी दिलेली नसते.

दुसरा मार्ग आपल्याकडे अज्ञात होता असे मात्र नाही. मद्रासच्या लॉयोला महाविद्यालयात फादर रासीन हे फ्रेंच धर्मगुरू नव्या गणिताकडे मुलांचे लक्ष वळवीत. त्यांचे दोन विद्यार्थी, नरसिंहन आणि शेषाद्रि, १९५३ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. लोराँ श्वार्त्झ, सीगेल यांच्यासारखे थोर गणिती तेथे येऊन व्याख्याने देत आणि त्यांची टिपणे तयार करण्याचे काम तरुण विद्यार्थ्यांवर सोपविले जाई. टिपण लिहायचे म्हणजे वक्त्याने गाळलेली प्रत्येक पायरी स्वतः भरून काढायची. १९६५ मध्ये या दोघांच्या नावाचे प्रमेय जगापुढे आले. पुढे १९९३ मध्ये मुंबई विद्यापीठातील प्रा. कुमारेसन यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले. तेथे शिक्षक सांगतो थोडे आणि विचारतो फार. फळ्यापाशी विद्यार्थी उभा असतो.

तरीही हे सारे मूठभरांचेच राहिले, हे मान्य केले पाहिजे. देवळालीच्या शाळेत शिकवीत आयुष्य काढणारे कापरेकर यांना विद्यार्थिदशेत, १९२७ मध्ये, रँग्लर परांजपे यांच्याच नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले होते. ६१७४ या संख्येची करामत त्यांनी एकट्याने हुडकून काढली. त्यांना जन्मभर एखादे गणिताचे मंडळ, एखादा वाद घालणारा सोबती लाभता, तर त्यांचे गणित कोठवर गेले असते?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथे वर्ष जोडले आणि त्यात संशोधनाची सोय ठेवली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यालाच ते दार उघडे आहे. म्हणजे पाठांतराच्या परीक्षेत जो सरस, तोच संशोधनाला पात्र! केंब्रिजमध्ये ट्रायपॉसच्या तिसऱ्या भागाला आज एका लेखी प्रश्नपत्रिकेऐवजी विद्यार्थ्याला प्रबंधिका लिहिता येते. आपल्याकडे निदान एका विषयाला तशी मुभा देता येईल. आठवड्यातील एक तास केवळ उदाहरणे आणि प्रत्युदाहरणे यांसाठी राखता येईल. त्याला पैसा फारसा लागत नाही. लागतो तो अध्यापक, आणि घोडे अडते ते तेथेच. अनेक महाविद्यालयांत गणिताचा भार तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर आहे. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासाचे. विद्यार्थ्याने लिहून आणलेली चुकीची सिद्धता त्याच्यासमवेत बसून, ओळीमागून ओळ वाचण्याचा वेळ त्या हिशेबात कोठेच धरलेला नसतो.