शाहपूरचे नंदुभैया आणि केळीचा विमा

बुऱ्हाणपूर : इच्छापूरहून बुऱ्हाणपूरकडे निघालं की वाटेत शाहपूर लागतं. इथले शेतकरी नंदकुमारसिंह चौहान, म्हणजे सगळ्यांचे नंदुभैया. सुरुवात गावच्या नगरपालिकेतून. 1985 ते 1996 शाहपूरचे आमदार, मग सहा वेळा खंडव्याचे खासदार. 2009 मध्ये अरुण यादवांकडून हरले, 2014 मध्ये त्यांनाच हरवून परतले. त्याच वर्षी भाजपचे मध्य प्रदेश अध्यक्षही झाले. 2 मार्च 2021 रोजी कोरोनाने त्यांचं निधन झालं. पोटनिवडणुकीत याच जिल्ह्यातले ज्ञानेश्वर पाटील निवडून आले.

शेतकरी माणूस दिल्लीत गेला, तरी केळीचा विमा का अडला? वादळात बाग आडवी झाली की पलीकडे रावेरला हवामान आधारित फळपीक विमा कामी येतो. इकडे बरीच वर्षं पंचनामा आणि सरकारी मदतीची वाट. योजना केंद्राची, पण ती कोणत्या पिकाला, कोणत्या जिल्ह्यात लावायची हे राज्य सरकार ठरवतं. खासदार दिल्लीत बसतो, अधिसूचना भोपाळहून निघते.

म्हणून विम्याचं आधी आमदाराला विचारा, मग खासदाराला.