बिल्ड लाल झाला की तक्रार आपोआप नोंदवा: दोन-तीन माणसांच्या सॉफ्टवेअर धंद्यासाठी सेटिंग

या आठवड्याच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी लिहिलं की स्क्रीनवर सगळं फार भरभर गेलं. म्हणून तेच इथे सावकाश लिहितो.

समजा तुम्ही शेलारमध्ये बसून यंत्रमागवाल्यांसाठी छोटं ॲप बनवताय. मागावर किती मीटर कापड निघालं, कितवा तागा उतरला, व्यापाऱ्याकडून मजुरी किती घ्यायची, एवढाच हिशोब. एक जण कोड लिहितो, दुसरा ग्राहक सांभाळतो. भिवंडीत मजुरी बहुतेक वेळा पिकाला पैसे अशी ठरते. उदाहरण घ्या: ५२ पिकाचं कापड, पिकाला १० पैसे, म्हणजे मीटरला ५ रुपये २० पैसे. १२० मीटरच्या ताग्याचे झाले ६२४ रुपये. आता कोडमध्ये कुणीतरी राउंडिंग बदललं आणि ५.२० चे ५ झाले. एका ताग्यामागे २४ रुपये गेले. मागवाल्याला हे कधी कळणार? महिनाअखेरीस, व्यापाऱ्यासमोर हिशोबाला बसल्यावर. त्यानंतर तो तुमचं ॲप पुन्हा उघडेल का? आणि तो एकटा जात नाही हो, शेजारच्या कारखानदारालाही सांगून जातो.

यावरचा उपाय मागवाल्यांना आपल्याआधी माहीत आहे. चांगल्या मागावर प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची एक बारीक पट्टी लटकत असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. जपानच्या साकिची टोयोडा यांचा १९२४ चा ‘टाइप जी’ स्वयंचलित माग याच विचाराचा होता, आणि पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यातही तोच विचार गेला: दोष दिसला की यंत्राने स्वतःच थांबायचं. पण माग नुसता थांबून भागत नाही. कुठला माग, काय तुटलं, कोण जोडणार, हे कुणीतरी बघावं लागतं. नाहीतर माग तसाच उभा.

सॉफ्टवेअरमध्ये ही दोन वेगळी साधनं आहेत. बिल्ड मॉनिटर म्हणजे कोड बदलला की तो जोडून, चाचण्या चालवून हिरवा किंवा लाल दिवा दाखवणारं साधन. बग ट्रॅकर म्हणजे तक्रारींची नंबरवार वही. दोन्ही असतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. लाल दिव्याचा ईमेल येतो, तो बँकेच्या जाहिरातींखाली दबतो, आणि संपला विषय.

मोठ्या कंपन्यांत जेन्किन्स आणि जिरा ही जोडी बरीच दिसते. जेन्किन्स फुकट आहे (पूर्वीचं नाव हडसन, २०११ मध्ये बदललं). त्यात जिराचं प्लगइन टाकायचं, ‘मॅनेज जेन्किन्स’मध्ये जिराचा पत्ता द्यायचा, आणि क्लाउडवरचं जिरा असेल तर पासवर्डच्या जागी एपीआय टोकन द्यायचा. इथेच बहुतेक जण अडकतात, पासवर्ड टाकून टाकून थकतात. पण माझं मत विचाराल तर सुरुवातीला हे करू नका. जेन्किन्ससाठी एक मशीन कायम चालू लागतं. वीज गेली, इन्व्हर्टर बसला की मॉनिटरच बंद.

आपल्यासाठी गिटहब पुरेसं आहे. ‘इश्यूज’ ही वही आणि ‘ॲक्शन्स’ हा लाल-हिरवा दिवा, दोन्ही एकाच छताखाली. खासगी कोडसाठी फुकट खात्यात महिन्याला २००० मिनिटं मिळतात. प्रोजेक्टमधल्या ‘डॉट गिटहब’ फोल्डरमध्ये ‘वर्कफ्लोज’ फोल्डर करायचा आणि त्यात एक यामल फाइल ठेवायची. कोड घ्या, जोडा, चाचण्या चालवा, हे टप्पे त्यात येतात. (फाइलमध्ये अर्थात सगळं इंग्रजी लिपीतच टाइप करायचं.)

आता मुख्य भाग. चाचण्यांनंतर शेवटचा एक टप्पा लिहा आणि त्याला ‘इफ फेल्युअर’ ही अट लावा. आधीचा कुठलाही टप्पा फसला तरच हा चालतो. त्यात ‘जीएच इश्यू क्रिएट’ ही आज्ञा द्यायची. जीएच हे साधन गिटहबच्या मशीनवर आधीच असतं, वेगळं बसवायचं नाही. फक्त त्याला ‘गिटहब टोकन’ हातात द्यावा लागतो, तोही गिटहब दर वेळी आपोआप तयार करतं.

एवढं करून चालवलं की बहुतेकांना परवानगी नाही असा एरर येतो. घाबरू नका. त्या टोकनला सहसा फक्त वाचायचा हक्क असतो, लिहायचा नाही. फाइलमध्ये ‘परमिशन्स’ लिहून इश्यूजला ‘राइट’ द्या. आणि इथे नीट लक्ष द्या: परमिशन्स एकदा लिहिल्या की ज्यांचा उल्लेख नाही ते हक्क जातात. म्हणजे इश्यूजला राइट दिला आणि ‘कंटेंट्स’ला ‘रीड’ द्यायचं राहिलं, तर खासगी प्रोजेक्टमध्ये कोड घ्यायचा पहिलाच टप्पा पडतो. कोड घेतलेलाच नसला तर जीएचला प्रोजेक्ट कुठला तेही कळत नाही, म्हणून आज्ञेत प्रोजेक्टचं नाव स्पष्ट द्या.

दुसरी अडचण लेबलची. ‘बिल्ड-लाल’ असं लेबल लावणार असाल तर ते आधी इश्यूजमध्ये हाताने तयार करून ठेवा. नसलेलं लेबल दिलं तर इश्यू बनतच नाही.

तिसरी गोष्ट, एकाच बिघाडाच्या दहा तक्रारी. दुपारी बिल्ड लाल झाला, तुम्ही संध्याकाळपर्यंत दहा वेळा कोड चढवलात, की वहीत दहा नोंदी. दोन दिवसांत कुणी ती वही उघडणार नाही. म्हणून नवीन नोंद करण्याआधी ‘जीएच इश्यू लिस्ट’ने त्या लेबलची उघडी नोंद आहे का ते बघा. असेल तर तिच्यावरच कमेंट टाका, नसेल तरच नवीन. नोंदीत त्या रनची लिंक हवीच, म्हणजे काय तुटलं ते एका क्लिकवर दिसतं.

वेळेची मर्यादाही घाला. एखादी चाचणी अडकली तर गिटहब ती ३६० मिनिटांपर्यंत चालू ठेवतं. तुमच्या २००० मधली तेवढी गेली. छोट्या ॲपला १० मिनिटं खूप झाली.

बिल्ड हिरवा झाला की नोंद आपोआप बंद करावी का? करता येते, पण मी नको म्हणेन. कधी कधी दुसऱ्यांदा चालवलं की नुसत्या नशिबाने हिरवं होतं. दुरुस्ती करणाऱ्यानेच कमिटच्या मजकुरात ‘फिक्सेस’ आणि नोंदीचा नंबर लिहावा. तो कोड मुख्य शाखेत आला की नोंद बंद होते आणि कुठल्या बदलाने बंद झाली तेही कायमचं राहतं.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ग्राहकांच्या तक्रारीही याच वहीत आणा. ‘भाऊ, बिल चुकतंय’ असा मेसेज आला की ग्राहक सांभाळणाऱ्याने लगेच ‘ग्राहक’ लेबल लावून नोंद करायची: किती पिक, किती मीटर, किती रक्कम आली, किती यायला हवी होती. कोडवाल्याने आधी त्याच आकड्यांची चाचणी लिहायची, ती लाल होते हे बघायचं, मगच दुरुस्ती. ५२ पिक, १० पैसे, १२० मीटर, उत्तर ६२४. ही एक ओळ चाचण्यांत गेली की वरचा राउंडिंगचा घोटाळा मागवाल्यापर्यंत पोचायच्या आधी तुमच्याच स्क्रीनवर लाल दिसेल.

सगळं जोडून झालं की ग्राहकाला काही सांगायच्या आधी एका वेगळ्या शाखेवर ६२४ चे मुद्दाम ६०० करा आणि कोड चढवा. इश्यूजमध्ये नोंद आली पाहिजे. लगेच परत चढवा, या वेळी नवीन नोंद न येता जुनीवर कमेंट दिसली पाहिजे. नाही आली तर आधी परमिशन्स बघा, मग लेबलचं स्पेलिंग. तरीही नाही जमलं तर एररचा स्क्रीनशॉट व्हिडिओखाली टाका, पण टोकन झाकून.