अगाथा ख्रिस्ती : रहस्यकथेच्या व्यवसायांतील धडे

रहस्यकथा म्हणजे आगगाडीच्या प्रवासांत वेळ घालविण्याचें साधन, अशी पुष्कळांची समजूत असते. वडील मंडळी असलें पुस्तक मुलांच्या हातून काढून घेतात, आणि दिवे मालविण्याच्या वेळीं तेंच पुस्तक त्यांच्या स्वतःच्या उशाशीं सांपडतें! बाबुराव अर्नाळकरांचे धनंजय आणि झुंजार मराठी घरांत असेच मागील दारानें आले आणि वर्षानुवर्षें राहिले. इतका लोकप्रिय आणि तरीहि इतका अप्रतिष्ठित असा वाङ्मयप्रकार दुसरा क्वचितच असेल. या प्रकाराच्या सेवेंत उभा जन्म घालविणाऱ्या लेखकाच्या पदरीं शेवटीं शिकण्याजोगें असें काय पडतें? इंग्लंडच्या अगाथा ख्रिस्ती यांच्या चरित्रांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें.

ख्रिस्तीबाईंचा जन्म १८९० सालीं टॉर्की या समुद्रकांठच्या गांवीं झाला. १९७६ च्या जानेवारींत त्या वारल्या. त्यांच्या नांवावर ६६ रहस्यकादंबऱ्या आहेत. पहिल्या महायुद्धांत गांवच्या रुग्णालयांत त्यांनीं आधीं परिचारिकेचें आणि नंतर औषधें तयार करण्याचें काम पत्करलें. या दुसऱ्या कामांत मधून मधून बराच रिकामा वेळ मिळे, आणि अशा वेळीं पहिल्या कादंबरीची कल्पना त्यांच्या मनांत घोळूं लागली. चोहोंकडे फळ्यांवर विषांच्या बाटल्या मांडलेल्या. तेव्हां कथेंतील खून विषप्रयोगानें व्हावा हें ओघानेंच आलें. गांवांत बेल्जमचे निर्वासित येऊन राहिले होते. त्यांच्यावरून बेल्जन गुप्तहेर एर्क्यूल प्वारो सुचला. लेखकानें आपल्या डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूंपासून आरंभ करावा, हा पहिला धडा असा सहजगत्या पदरांत पडला.

या पहिल्या कादंबरींतील युक्ति समजून घेण्यासारखी आहे. एका वृद्ध स्त्रीच्या शक्तिवर्धक औषधांत कुचल्याचें सत्त्व, म्हणजे स्ट्रिक्नीन, अत्यल्प प्रमाणांत असतें. रोजच्या मात्रेनें कांहीं अपाय होत नाहीं. परंतु त्याच बाटलींत ब्रोमाइडची पूड मिसळली तर स्ट्रिक्नीनचा सांका बनून हळूहळू तळाशीं बसतो, आणि शेवटच्या मात्रेंत सारें विष एकदम पोटांत जातें. बाहेरून विष आणावें लागत नाहीं! औषध देणाऱ्यांना ‘बाटली हलवून घ्या’ अशी सूचना लिहिण्याची संवय कां असते, हें त्यावरून ध्यानांत येईल. गुन्हेगार कोण हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वाचकाच्या आनंदांत विष कालविणें बरें नव्हे. औषधशास्त्राला वाहिलेल्या एका इंग्रजी नियतकालिकानें या पुस्तकांतील विषाच्या अचूक ज्ञानाची वाखाणणी केली, आणि ख्रिस्तीबाईंना त्या अभिप्रायाचें मोठें अप्रूप वाटलें.

तरीहि पुस्तकाचा मार्ग सुकर नव्हता. अनेक प्रकाशकांकडून तें परत आलें. अखेर लंडनच्या एका प्रकाशकानें तें स्वीकारलें, पण शेवटचें प्रकरण बदलावयास सांगितलें. मूळ प्रकरणांत प्वारो न्यायालयांत साक्ष देतांना सर्व उलगडा करतो असें होतें. न्यायालयाची रीत मात्र लेखिकेला ठाऊक नव्हती. तिनें तो प्रसंग दिवाणखान्यांत आणला. सर्व संशयितांना एकत्र बसवून उलगडा करणारा प्वारो पुढें जगभर प्रसिद्ध झाला. त्याचें मूळ या दुरुस्तींत आहे. व्यवहाराचा धडा मात्र महाग पडला. आनंदाच्या भरांत सही केलेल्या करारानें आणखी पांच पुस्तकें त्याच प्रकाशकाला देणें भाग झालें, आणि १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या या पहिल्या पुस्तकाबद्दल हातीं आले ते अवघे २५ पौंड.

१९२६ सालीं ‘रॉजर ॲक्रॉइडचा खून’ ही कादंबरी निघाली आणि मोठा वाद माजला. शेवट वाचून कित्येकांना आपण फसविले गेलों असें वाटलें. डोरोथी सेयर्स या लेखिकेनें मात्र बाजू घेतली, कीं प्रत्येक पात्राचा संशय घेणें हें वाचकाचेंच काम आहे. पुस्तक पुन्हा वाचलें म्हणजे दिसून येतें कीं, लेखिकेनें एकहि खोटें वाक्य लिहिलेलें नाहीं; खरीं वाक्यें अशा रीतीनें मांडलीं आहेत कीं, वाचक स्वतःच भलत्या वाटेनें जातो. १९३० सालीं लंडनमध्यें स्थापन झालेल्या रहस्यकथाकारांच्या मंडळांत सभासदाला गमतीची पण अर्थपूर्ण शपथ घ्यावी लागे. दैवी साक्षात्कारानें किंवा निव्वळ योगायोगानें गुन्ह्याचा उलगडा करावयाचा नाहीं, आणि विज्ञानाला अज्ञात असें विष वापरावयाचें नाहीं, अशीं बंधनें तींत होतीं. वाचकाला चकवावें, पण त्याच्याशीं लबाडी करूं नये, असा या शपथेचा मथितार्थ.

चुका ख्रिस्तीबाईंच्या हातूनहि झाल्या. पहिल्याच पुस्तकांत प्वारोला निवृत्त व वयस्क दाखविल्यामुळें पुढें हिशेब जमेना. शेवटच्या कथांपर्यंत त्याचें वय शंभराच्या पलीकडे जावयास हवें होतें! १९३५ सालच्या एका कादंबरींत विषारी कांटा उडविण्याची फुंकनळी त्यांनीं फारच आंखूड कल्पिली. ही चूक त्यांनीं लपविली नाहीं. आपल्याच कथांतील श्रीमती ऑलिव्हर या विनोदी लेखिकेच्या तोंडून १९५२ सालीं त्यांनीं ती जाहीर कबूल करविली, कीं नळी लिहिली फूटभर, पण असावयास हवी होती सहा फूट.

असल्या बारकाव्यांचें एवढें महत्त्व कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर १९६१ सालच्या ‘द पेल हॉर्स’ या कादंबरीच्या कथेंत आहे. तींतील विष थॅलियम हें आहे. त्याच्या क्षारांना रंग नाहीं, चव नाहीं. आरंभींचीं लक्षणें इतर रोगांसारखीं असतात, आणि डोक्याचे केस गळूं लागले म्हणजेच संशयाला जागा होते. १९७१ सालीं इंग्लंडांत ग्रॅहम यंग या कामगारानें सहकाऱ्यांना थॅलियम घालून दोघांचे प्राण घेतल्याचें उघडकीस आलें. ख्रिस्तीबाईंच्या पुस्तकानेंच त्याला वाट दाखविली असावी, अशी चर्चा झाली. आपण तें पुस्तक वाचलेलें नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. तरी विषाचें खरें ज्ञान कथेंत घालणें कितपत उचित, हा प्रश्न उभा राहिलाच.

त्यावर १९७७ सालीं जें घडलें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कतारहून एकोणीस महिन्यांची एक मुलगी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत आणण्यांत आली. तिची शुद्ध हरपत चालली होती, आणि तज्ज्ञ डॉक्टरांना निदान सांपडत नव्हतें. तिच्या शुश्रूषेंतील एक परिचारिका त्या वेळीं ‘द पेल हॉर्स’ वाचीत होती. मुलीचे केस विरळ होत असल्याचें पाहून तिला कथेंतील लक्षणांची आठवण झाली आणि तिनें धीर करून डॉक्टरांना थॅलियमची शंका सांगितली. तपासणींत ती खरी ठरली. घरीं कीटक मारण्यासाठीं वापरलेलें विष पोरीच्या पोटांत गेलें होतें. योग्य उपचार सुरू झाले आणि मुलगी बरी झाली. या रुग्णाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत छापतांना डॉक्टरांनीं ख्रिस्तीबाईंचे आभार मानले. ते स्वीकारावयास त्या हयात नव्हत्या. त्यांना जाऊन वर्ष उलटलें होतें.

लेखिकेनें त्या विषाचीं लक्षणें केवळ कल्पनेनें रचलीं असतीं, तर कथेच्या रंजकतेंत कदाचित् उणें पडलें नसतें. वाचकांपैकीं फारच थोड्यांना तें उमगलें असतें. पण त्या परिचारिकेला रुग्णाच्या उशाशीं उभें असतां कांहींच आठवलें नसतें. टॉर्कीच्या औषधखोलींत मात्रा मोजतांना लागलेली संवय साठ वर्षांनंतर एका अनोळखी बालकाच्या उपयोगीं पडली. कथा कल्पित असली तरी तींतील वजनें-मापें खरीं असावींत, हाच त्या दीर्घ व्यवसायाचा अखेरचा धडा होय.