गोडाऊनच्या वाटेवरची सायकल

सायकलचा प्रसार करायला निघालेल्या मंडळींनी एकदा सकाळी शिफ्टच्या वेळेला माणकोली नाक्यावर येऊन उभे राहावे. इथे प्रसाराची गरज नाही, हे दहा मिनिटांत कळेल. जुन्या काळ्या सायकली, हँडलला लटकवलेली डब्याची पिशवी, फाटलेल्या सीटवर सुतळीने बांधलेला स्पंज. यातल्या कुणाला पृथ्वी वाचवायची नाही. शेअर रिक्षाचे रोजचे पैसे वाचवायचे आहेत आणि गेट बंद व्हायच्या आत हजेरी लावायची आहे. सायकल चालवणाऱ्यांच्या बाजूने बोलायचे, तर आधी यांच्या बाजूने बोलले पाहिजे, असे माझे मत आहे.

ठाण्याहून नाशिकच्या दिशेने निघाले की खाडी ओलांडल्यावर माणकोली नाका लागतो. तिथून डाव्या हाताला अंजूरफाट्याकडे वळले की दापोडे. एकेकाळी भातशेती करणारे भिवंडी तालुक्यातले हे गाव आता गोडाऊनसाठी ओळखले जाते. याचे कारण भूगोलात जितके आहे, तितकेच करात आहे. मुंबईत शिरणाऱ्या मालावर महापालिका जकात घेत असे. मग व्यापाऱ्यांनी हिशोब केला, की माल हद्दीबाहेर उतरवावा आणि लागेल तसा आत न्यावा. भिवंडीच्या परिसरात जमीन स्वस्त होती, महामार्ग दाराशी होता आणि जवाहरलाल नेहरू बंदरही आवाक्यात होते. दापोडे, वळ, गुंदवली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर अशी एकेक करत गावे पत्र्याच्या छपरांखाली गेली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात संपली. आता गोडाऊन ओस पडतील, असे काहींना वाटले होते. झाले उलटेच. राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवण्याची गरज उरली नाही, कंपन्या मोठी गोदामे शोधू लागल्या आणि ऑनलाइन खरेदीचा व्यवसाय त्याच सुमारास फोफावला. तुम्ही दिवाळीसाठी मागवलेले खोके मुंबई-ठाण्यात राहत असाल तर याच पट्ट्यातल्या एखाद्या गाळ्यातून निघालेले असण्याची शक्यता बरीच आहे.

माल येण्या-जाण्याची सोय अशी चोख झाली. माणसांच्या सोयीचा विचार मात्र कुणी केला नाही. भिवंडीला मुंबईच्या लोकलचे स्टेशन नाही. वसई-दिवा मार्गावर भिवंडी रोड आहे, पण तिथल्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब कित्येक वर्षे आपण बघतो आहोत. मग नारपोली, कामतघर, काल्हेरच्या चाळींत खोली करून राहणारा हमाल, पिकर किंवा पॅकिंगवाला चार-पाच किलोमीटर कशाने येणार? पायी नाहीतर सायकलने.

ही गोष्ट एकट्या दापोड्याची नाही. २०११ च्या जनगणनेत विचारले गेले, की शेतीबाहेरचे कामगार कामावर कसे जातात. सायकलने जाणारे निघाले सुमारे २ कोटी ६० लाख. मोटार, जीप, व्हॅनने जाणारे ५५ लाखांच्या आसपास. दर मोटारवाल्यामागे साडेचारहून जास्त सायकलवाले होते. त्यानंतर दुचाक्या वाढल्या, हे खरे. पण तेव्हाही रस्ते कुणाच्या मापाने आखले जात होते, हे सांगायला नको. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने तर कागदावर लिहूनच ठेवले आहे, की विचार वाहनांच्या वाहतुकीचा नको, माणसांच्या वाहतुकीचा हवा. भारतीय रोड काँग्रेसने सायकलमार्ग कसे आखावेत याचे निकष १९६२ मध्येच छापले होते. कागदाची उणीव आपल्याकडे कधीच नव्हती.

दापोड्याच्या रस्त्यावर सायकलवाल्याचा जीव नेमका कशाने जातो, ते समजून घेण्यासारखे आहे. कंटेनरच्या चालकाची जागा उजवीकडे आणि उंचावर. डाव्या दाराखाली, पुढच्या चाकाशेजारी असलेली सायकल त्याला दिसेलच असे नाही. चाळीस फुटी कंटेनरला डावीकडच्या गेटात शिरायचे असेल, तर चालक आधी गाडी उजवीकडे घेतो आणि मग डावीकडे कापतो. मागून येणाऱ्या सायकलस्वाराला वाटते, हा उजवीकडे चालला, डावीकडे वाट मोकळी झाली. तो तिथे शिरतो. आता ट्रेलर वळू लागतो. त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतल्या अंगाने, कोपऱ्याला घासून जातात. ट्रेलर आणि गोडाऊनची भिंत यांच्यामधली जागा बघता बघता संपते. यात चालक दारू प्यायलेला असावा लागत नाही आणि सायकलवाला बेफिकीरही असावा लागत नाही. मालवाहू गाडीच्या दोन चाकांमधल्या पोकळीत माणूस जाऊ नये म्हणून बाजूला संरक्षक कठडे बसवण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. नाक्यावर उभ्या असलेल्या गाड्यांकडे वाकून पाहिले, की किती कठडे शाबूत आहेत आणि किती वाकून लोंबताहेत ते दिसते.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यात सायकलस्वार पाच हजारांच्या जवळपास होते.

पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरले की खोली कळत नाही. चिखलाने ब्रेकचे रबर गुळगुळीत होते. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे या रस्त्याचा सगळा पंचनामा पडलेला असतो. तो ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात पिळून बुडबुडा शोधतो, तिथे खडूची खूण करतो, कानशीने घासतो, सोल्यूशन लावून फुंकर घालतो. मग टायरच्या आत बोट फिरवून घुसलेली वस्तू बाहेर काढतो. बहुतेक वेळा ती खोक्याच्या पट्टीची क्लिप असते किंवा पॅलेटचा खिळा. गोडाऊनचा कचरा गोडाऊनच्याच कामगाराच्या चाकात घुसतो आणि त्याचे पैसे मात्र कामगाराच्या खिशातून जातात.

‘सायकल ट्रॅक करून उपयोग होत नाही, कुणी वापरत नाही,’ असे उत्तर अधिकाऱ्यांकडून हमखास मिळते. उदाहरणे वांद्रे-कुर्ला संकुलाची आणि पुण्याची. संकुलात एमएमआरडीएने सायकलमार्ग बांधले, त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या आणि शेवटी २०२५ मध्ये मोटारींना जागा हवी म्हणून ते उखडण्याचे ठरले. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याने २०१७ मध्ये आठशेहून अधिक किलोमीटरच्या जाळ्याचा आराखडा मंजूर केला. भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, काही काळ रस्त्यावर दिसल्या आणि गेल्या. प्रत्यक्षात असलेले मार्ग तुकड्यातुकड्यांचे. चौकाच्या अलीकडे संपतात, पलीकडे विजेची डीपी लागते. चौकातच सायकलवाल्याला सोडून द्यायचे आणि नंतर तो येत नाही म्हणून तक्रार करायची, याला काय म्हणावे? शिवाय संकुलात काम करणारा माणूस विरारहून, बदलापूरहून येतो. तो सायकलने येणार कसा? जिथे सायकलवाले होते तिथे मार्ग झाले नाहीत आणि जिथे झाले तिथे सायकलवाले नव्हते.

नेदरलँड्सचे नाव काढले, की लोक म्हणतात, ‘त्यांची संस्कृतीच वेगळी.’ दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशानेही मोटारींसाठी वस्त्या पाडल्या होत्या. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यात चारशेहून जास्त मुले. अपघातात मुलगी गमावलेल्या फिक लांगेनहोफ या पत्रकाराने पुढच्याच वर्षी ‘बालहत्या थांबवा’ असा मथळा देऊन लेख लिहिला. त्या मथळ्याखाली आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलसंकटाने सरकारलाही जाग आली. आज दिसणारे सायकलमार्ग त्या भांडणातून आले आहेत.

मोटारवाल्यांशी माझे वैर नाही, पण जागेचा हिशोब मांडलाच पाहिजे. एक मोटार उभी राहते तेवढ्या जागेत दहा सायकली मावतात. मोटारीत बहुधा एकच माणूस असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. त्याच दिवशी लहान मोटारींवरचा अठ्ठावीसवरून अठरावर आला. चर्चा कशाची झाली, ते आठवून पाहा. मोठागाव-माणकोली पूल खुला झाला, तेव्हाही बातम्यांत मोटारींची वाचलेली मिनिटेच होती. डोंबिवलीतला कामगार या पुलाने आता सायकलच्या टप्प्यात आला आहे, हे कुणी लिहिले नाही.

दापोड्याला पुण्यासारखा आराखडा नको. भिवंडीभोवतीच्या गावांचे नियोजन एमएमआरडीएकडे आहे आणि वडपे ते ठाणे महामार्गाचे रुंदीकरण रस्ते विकास महामंडळाकडे. सेवारस्त्याच्या कडेला काँक्रीटच्या दुभाजकाने तोडलेली एक पट्टी, शिफ्ट सुटण्याच्या वेळी कंटेनरना गेटातून आत-बाहेर करण्याची बंदी, अंतर्गत रस्त्यांवर ताशी तीस किलोमीटरची मर्यादा, रात्रपाळीसाठी पेटणारे दिवे, आणि प्रत्येक कंपाऊंडमध्ये छपराखाली सायकल स्टँड, एवढे केले तरी पुरे. यातले शेवटचे काम तर गोडाऊनमालक आपल्या खर्चाने आठवड्यात करू शकतो. मोटारी उभ्या करायला त्याच्याकडे जागा असतेच.

तोवर एक माहिती सायकलने जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. ठोकर मारून गाडी पळून गेली आणि तिचा पत्ता लागला नाही, तरी भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये अशी रक्कम आहे. अर्ज दावा चौकशी अधिकारी असलेल्या प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा. परराज्यातून आलेल्या कामगाराच्या घरच्यांना हे कुणी सांगत नाही.

गोडाऊनच्या घरपट्टीवर या गावांच्या ग्रामपंचायती चालतात. ते गोडाऊन ज्यांच्या हातांवर चालते, त्यांच्यासाठी रस्त्याची एक कड मागायला ग्रामसभेइतकी योग्य जागा नाही. दापोडे आणि आसपासच्या गावांत जे मतदार हा अंक वाचत असतील, त्यांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्यावा आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, ते वाचूनच सभेतून उठावे.