क्रूझवर डिनरला काय घालायचं? नवा सूट शिवायलाच हवा का?

2021 पासून कॉर्डेलियाचं जहाज मुंबईहून गोव्याला जातंय, त्यामुळे क्रूझ आता फक्त परदेशातली गोष्ट राहिलेली नाही. पण भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्यासारख्या खाणीच्या गावातून पहिल्यांदा निघालेलं कुटुंब ‘ड्रेस कोड’ हा शब्द वाचूनच बिचकतं. तिकिटाच्या खर्चावर आता सुटाचाही खर्च? थांबा. बहुतेकदा त्याची गरज नसते.

रोजचं डिनर
बहुतेक जहाजांवर ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे नीटनेटके कपडे पुरतात. फुल पँट आणि कॉलरचा शर्ट, कुर्ता, सलवार-कमीज, साडी, सगळं चालतं. पोहण्याचे कपडे किंवा बनियन घालून मात्र मुख्य डायनिंग हॉलमध्ये जाता येत नाही. बुफेत नियम सैल असतात.

फॉर्मल नाइट
काही कंपन्या ठरावीक रात्री खास पोशाख सुचवतात. कुनार्ड ही ब्रिटिश कंपनी यात सगळ्यात काटेकोर मानली जाते. पण तिच्याही यादीत डिनर जॅकेट आणि गडद सुटासोबत आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख आहे. म्हणजे बंदगळा, शेरवानी चालेल. आणि साडी? भंडाऱ्याच्या कोशाची करवतकाठी कपाटात असेल, तर तीच काढा.

बॅग भरताना
• कपडे घरूनच इस्त्री करून न्या. आगीच्या धोक्यामुळे बहुतेक जहाजांवर स्वतःची इस्त्री नेता येत नाही.
• एसीसाठी शाल ठेवा.
• जहाज डुलतं, म्हणून उंच टाचा टाळा.

नियम कंपनीगणिक बदलतात. त्यामुळे खरेदीला निघण्याआधी तिकिटासोबत आलेली माहिती वाचा.