कडेची घरं हीच गावाची तटबंदी! एका डिंकासाठी किल्ला झालेलं ग्रीसचं मेस्ता गाव

ग्रीसचं बेट म्हटलं की डोळ्यासमोर येतं सँटोरिनी. पांढरी घरं, निळे घुमट आणि रील्स. पण तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ असलेल्या खिओस बेटावरचं मेस्ता गाव अगदी उलट आहे. जुन्या काळी बाहेरून पाहणाऱ्याला इथं फक्त दगडी भिंत दिसायची.

ही भिंत वेगळी बांधलेली नाही. कडेची घरं एकमेकांना चिकटवून त्यांच्या पाठींचीच तटबंदी केली. बाहेरच्या बाजूला खिडक्या ठेवल्या नाहीत. आत बोळ, कमानी आणि मधोमध बुरूज. शत्रू शिरलाच, तर एकमेकांना लागून असलेल्या छतांवरून बुरुजाकडे पळता यायचं.

एवढा बंदोबस्त कशासाठी?

मस्तकीसाठी. काष्ठौषधींच्या दुकानात आणि युनानी औषधांत 'रुमी मस्तकी' म्हणून मिळतो तोच हा सुगंधी डिंक. पिस्त्याच्या कुळातल्या झुडपाची साल चिरली की तो थेंबाथेंबानं गळतो. यासाठी प्रसिद्ध आहे तो खिओसचा दक्षिण भाग.

१३४६ मध्ये इटलीतल्या जिनोआच्या लोकांनी बेट ताब्यात घेतलं आणि मस्तकीच्या व्यापारावर मक्तेदारी बसवली. चाच्यांची भीती होतीच, म्हणून गावं किल्ल्यासारखी बांधली गेली. पण भिंतीमुळे गावकऱ्यांवर नजर ठेवणंही सोपं झालं. डिंक काढायचे ते, पण तो परस्पर विकला तर कडक शिक्षा व्हायची.

१५६६ मध्ये बेट ऑटोमन तुर्कांकडे गेलं. १८२२ मध्ये ग्रीक बंडाच्या काळात तुर्की सैन्यानं खिओसवर भीषण कत्तल केली. हजारो मारले गेले, हजारो गुलाम म्हणून विकले गेले. मस्तकीची गावं मात्र बऱ्याच अंशी वाचली, कारण तिथलं उत्पन्न सुलतानाला हवं होतं.

गेलात तर काय बघाल?

बुरुजाच्या जागी आता मोठं चर्च आहे. जवळच्या पिरगी गावात घरांच्या दर्शनी भिंतींवर काळी-पांढरी नक्षी दिसते. काळसर गिलाव्यावर चुना देऊन तो ओला असतानाच खरवडून ती काढतात. उन्हाळ्यात गेलात तर झाडाखाली पांढरी पूड पसरून डिंक गोळा करतानाही पाहता येईल. या पारंपरिक शेतीला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

फक्त एक लक्षात ठेवा. मेस्ता हे संग्रहालय नाही. तुम्ही फोटो काढता तो बोळ कुणाच्या तरी घराचा उंबरठा असतो.