अकरा महिन्यांचा कागद

वर्ध्यात ज्या घरावर एक मजला जास्त चढला, त्याच्या फाटकावर कधी ना कधी ‘खोली किरायाने देणे आहे’ अशी पाटी लागतेच. सेवाग्रामला 1969 साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, सावंगी मेघेला 1990 साली दुसरं, आणि 1997 साली महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आलं. या तिन्ही ठिकाणच्या मुलामुलींनी, परिचारिकांनी आणि शिकाऊ डॉक्टरांनी आसपासच्या वस्त्यांना एक जोडधंदा मिळवून दिला. पण तो धंदा आहे असं घरमालकालाच वाटत नाही. मुलगा चांगल्या घरचा दिसला, वडील सोबत आले, चहा झाला, डिपॉझिट हातात पडलं की किल्ली दिली जाते. फार तर स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार टाइप करून नोटरीचा शिक्का मारून घेतात. हा कागद आपल्याला वाचवेल असं मालक धरून चालतो. महाराष्ट्रात मात्र वाद झालाच तर तो कागद बहुधा मालकाच्याच विरुद्ध जातो.

अकरा महिन्यांची ही युक्ती 1908 च्या नोंदणी कायद्यातून निघाली. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्या कायद्यान्वये नोंदणी लागते; म्हणून मुदत एक महिन्याने कापायची आणि नोंदणीचा खर्च टाळायचा. इतर बऱ्याच राज्यांत हे चालून जातं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 55 ने ही पळवाट बुजवली. करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल किरायदार जे सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं ठरवणं मालकाकडे. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नोटरीच्या कागदावर ‘किराया चार हजार’ लिहिलेलं असलं तरी ‘तीनच ठरले होते’ हे किरायदाराचं म्हणणं आधी उभं राहतं.

विदर्भातल्या मालकाची कागदाबद्दलची भीती समजण्यासारखी आहे. 1999 च्या कायद्याआधी इथे मुंबईचा भाडे कायदा नव्हता. 1946 च्या मध्यप्रांत-वऱ्हाड कायद्याखाली निघालेला 1949 चा भाडे नियंत्रण आदेश होता. भाडे नियंत्रकाची परवानगी मिळाल्याशिवाय किरायदाराला जागा सोडण्याची नोटीससुद्धा देता येत नसे. दुकानगाळ्यांत पिढ्यान् पिढ्या बसलेल्या, पन्नास रुपये देणाऱ्या किरायदारांच्या गोष्टी त्या काळच्या आहेत. ‘लिहून दिलं की हक्क लागतो’ ही समजूत तिथून आली आणि कायदा बदलला तरी राहून गेली. आजचा कायदा नेमका उलटा चालतो. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे निव्वळ वापराची परवानगी देऊन जागा दिली, तर मुदत संपताच कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ती परत मागता येते. आणि मुदतीनंतर अडून बसणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. ही वाट लेखी करार करणाऱ्यालाच मोकळी आहे. तोंडी व्यवहार करणाऱ्याला दिवाणी न्यायालयाची लांब वाट.

खर्चाचं काय, हा पहिला आक्षेप. महिना चार हजार, डिपॉझिट दहा हजार आणि मुदत अकरा महिने धरा. मुद्रांक शुल्क एकूण किरायावर आणि डिपॉझिटच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर पाव टक्का. म्हणजे सव्वाशेच्या आत. नोंदणी फी आणि नोंदणीसाठी अंगठा घ्यायला येणाऱ्या माणसाची मजुरी मिळवली तरी महिन्याच्या किरायाच्या आतच बसतं. दुसरा आक्षेप ग्रामपंचायतीच्या हद्दीतला: ‘भाडे नियंत्रण कायदा आमच्या गावाला लागतच नाही.’ तो त्याच्या परिशिष्टांतल्या भागांपुरताच आहे, हे खरं. पण तो नसेल तिथे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहेच. महिनेवारी किरायदाराला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि काय ठरलं होतं हा प्रश्न उरतोच. तिसरा आक्षेप अनुभवी मालकांचा: ‘लाईट कापली की आपोआप जातो.’ भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 ने वीज-पाणी तोडायला मनाई केली आहे. ज्याची तक्रार घेऊन आपण जायचं, त्याच्याच हाती आपल्याविरुद्धची तक्रार द्यायची, असा हा उपाय.

खरी भांडणं मात्र किरायावरून क्वचितच होतात. होतात ती लाईटबिलावरून. घराला मीटर एक आणि खोल्या आठ. प्रत्येक खोलीत महिन्याला साठ युनिट जळले, तर स्वतंत्र मीटरवर ते शंभर युनिटच्या स्वस्त टप्प्यात बसले असते. एका मीटरवर ते चारशे ऐंशी होतात आणि तीनशेपुढच्या महाग टप्प्यात शिरतात. मालक वाढीव दर सांगतो, मुलांना तो लुबाडतोय असं वाटतं, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात. त्यात एप्रिल उजाडला की खिडकीत कूलर बसतो. त्याचं पाणी कोण भरणार, भिंत ओली झाली तर कोणाच्या डिपॉझिटमधून जाणार, मे महिन्यात मुलं गावी गेली तर किराया पूर्ण की अर्धा, हे करारात नसतं. छापील नमुन्यात ‘जागा सुस्थितीत परत करावी’ एवढंच असतं. तीन मुलांच्या खोलीत एकाचीच सही असते, आणि वर्षभरात तो एकच निघून जाऊन त्याचा मित्र त्याच्या खाटेवर आलेला असतो. म्हणून तिघांचीही नावं करारात हवीत आणि मुलगा बदलला की करार नवा. किल्ली देतानाच खोलीला सबमीटर असेल तर त्याचं रीडिंग, पंख्यांची संख्या आणि कूलर कोणाचा, हे दोन ओळींत लिहून खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि दरमहा पैसे घेतले की पावती द्यावी.